आज वरून काय दिसलं?

त्याला सगळे आभाळराव म्हणायचे, कारण तो टॉवर क्रेन चालवायचा. सकाळी शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसला की संध्याकाळपर्यंत हा बाबा जमिनीचा नाही. धुकं पडलं की खालचं शहर पुसलं जायचं आणि हा एकटाच पांढऱ्यात तरंगत राहायचा.

बायको एका हॉटेलच्या तळघरात चादरी धुऊन घड्या घालायची. तिथे खिडकी औषधालाही नव्हती. म्हणून संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं की ती विचारायची, "आज वरून काय दिसलं हो?" तो सांगायचा आणि ती गालावर हात ठेवून ऐकायची. तिचा दिवस खरा तेव्हा उजाडायचा.

मग नवा फोन आला. आभाळराव त्यावर ढगांचे फोटो टाकू लागला आणि 'चांदणवेल' नावाची कुणी बाई रोज त्याखाली लिहू लागली. 'तुमच्या डोळ्यांत केवढं आभाळ आहे!' झालं, गडी विरघळला! भेट नाही, आवाज ऐकलेला नाही, तरी ढगाला सोनेरी कड आली की आधी तीच आठवायची. आता याला काय म्हणावं? काम थांबलं की क्रेनचा हूक वाऱ्यावर झुलायचा, आणि हाही.

घरी चहाच्या वेळी प्रश्न तोच असायचा. उत्तर मात्र आता एवढंच, "काही नाही. रोजचंच."

त्या संध्याकाळीही तेवढं बोलून त्याने फोन उचलला. चांदणवेलीने रविवारी भेटायला बोलावलं होतं. फक्त 'हो' लिहायचं बाकी होतं.

बायको चहा गाळत म्हणाली, "घोड्यासारखा ढग छान होता."

त्याचं बोट थांबलं. "तुला कुणी सांगितलं?"

"बहिणीने दाखवला, तिच्या फोनवर. अख्ख्या जगाला दिसतोय की!" ती वळली नाही. "फोटोखाली त्या बाईने विचारलंय, 'घरी सांगता का हे सगळं?' तुम्ही लिहिलंत, 'मला कुणी विचारतच नाही.'"

तिने गाळणी बाजूला ठेवली.

"ती कोण, कुठली, ते राहू द्या. पण इतकी वर्षं मी काय भिंतीला विचारत होते का हो?"

त्याने फोन पालथा ठेवला. "अगं, आज सकाळी धुकं होतं ना..."

ती ऐकायला थांबलीच नाही. स्वतःचा कप घेऊन दारातल्या पायरीवर जाऊन बसली आणि वर बघत राहिली. आभाळात अजून थोडा उजेड होता. तो मागे येऊन उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने विचारलं, "काय दिसतंय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "रोजचंच."