चार कागदांच्या सांध्यावर

तीस वर्षं मी भिंतींवर पोस्टरं चिकटवली. खळ, ब्रश, शिडी. म्हणून भाचा सिनेमाचं प्रत्येक पोस्टर छापायच्या आधी मला दाखवतो. कॉम्प्युटरवर चित्रं करतो तो. काम बसूनच, पण मेहनतीला मागे हटत नाही.

या पोस्टरवर पुढे नायिका, मागे कोपऱ्यात एक खिडकी. खिडकीत त्याची बहीण. चार वर्षांपूर्वी ती कामावरून घरी आलीच नाही. चौक्या, दवाखाने, सगळं पालथं घातलं. उजव्या भुवईतला व्रणही त्याने रेखाटला होता. लहानपणी त्यानेच ढकलल्यामुळे झालेला.

"शहरभर लागेल, मामा. कुणीतरी ओळखेल."

त्याच्या ऑफिसात कुणी रंग वाखाणले, कुणी अक्षरं मोठी करायला सांगितली. खिडकीकडे कुणी बघितलं नाही.

मी पोस्टर व्हरांड्याच्या टोकाला लावून वीस पावलं मागे गेलो.

"कोपऱ्यात कोण बघतंय? मधोमध आण. मोठी कर."

"आणि नायिका?"

"तिला सरकव. तिला सगळे ओळखतात."

आठ दिवस खपून त्याने तसं केलं. निर्माता खूश झाला. म्हणाला, खिडकीतली पोरगी अंगावर येते.

पोस्टर लागल्यावर मी आणि भाचा ताईला, त्याच्या आईला, नाक्यावर घेऊन गेलो. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही आपली नाही रे."

मी जवळ गेलो. मोठं पोस्टर चार कागदांचं असतं. वारा शिरू नये म्हणून कागद दोन बोटं एकमेकांवर चढवतात. छापखान्याने त्यासाठी जास्तीची कोरी कड सोडली नव्हती आणि चारही कागद तिच्या चेहऱ्यावरच भेटत होते. भुवई, व्रण, अर्धा डोळा सांध्यात गेला होता.

"तीस वर्षं काय चिकटवत होतास?" ताई म्हणाली.

मधोमध आण, हे मीच सांगितलं होतं.

छापखान्यात उरलेले कागद त्याने आणले. मी खळ शिजवली. कागद न चढवता, कडेला कड लावून चिकटवले. व्रण दिसला. असा कागद दोन दिवसांत सुटतो.

कालपासून सहा भिंती झाल्या. खांदा वर जात नाही. भाचा शिडी धरतो. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारते, "या पोरीला कुठे बघितलंत का?"

लोक पोस्टरकडे बघतात. "सिनेमा चांगला आहे का, मावशी?"

उद्या पहिल्या भिंतीपासून पुन्हा.