खांबावर तुटलेली तार

आबांना सगळी गल्ली टेस्टर म्हणायची, कारण त्यांच्या खिशात एक वेळ पेन नसेल, पण टेस्टर असायचाच. बारा वर्षं परदेशात वायरिंग करून आलेला माणूस! येताना हत्यारांच्या पेटीबरोबर एक सवयही घेऊन आला. तिकडं बहुतेक घरांना स्वतःची अर्थिंग नसायची. मीटरपाशी न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, अर्थची तार जोडली की काम झालं. तिथली न्यूट्रल जागोजागी जमिनीत उतरवलेली, वेळच्या वेळी तपासलेली. इकडं नियम वेगळा: ज्याची अर्थ त्याच्या अंगणात. पण लेकीच्या नव्या घरात आबांचा हात सवयीनं चालला. मेन स्विचच्या पुढं बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ या दोन्ही तारा एकत्र आवळल्या आणि जावयाला ऐटीत म्हणाले, "बघा, याला म्हणतात काम!" अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

वर्षभरानं एका सकाळी हार्डवेअरच्या दुकानात लाइनमन भेटला. "तुमच्या लेकीकडची न्यूट्रल तुटलीय खांबावर. तिकडं लाइट नाही. तासाभरात जोडतो."

आबांच्या काळजात धस्स झालं. लाइट गेली असली तरी दुसऱ्या, शाबूत तारेनं करंट घरात येतच होता! चालू ठेवलेल्या दिव्या-पंख्यातून फिरून तो न्यूट्रलमध्ये येणार, आणि ती न्यूट्रल आबांनी स्वतःच्या हातानं अर्थच्या तारेतून गिझरच्या पत्र्याला जोडून ठेवलेली. ओल्या हातानं नळ धरला की खेळ खलास.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गुडघेदुखी विसरून आबा पळत सुटले. लेकीचं दार उघडंच होतं, आणि आत बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता.

"नळाला हात लावू नकोस!" ते जीव खाऊन ओरडले.

लेक डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "आबा? अहो, केवढा घाम आलाय! झालं काय?"

"मेन... आधी मेन बंद कर."

"ती मघाशीच केली. लाइट गेली ना."

आबांचा जीव भांड्यात पडला. ते तिथंच उंबऱ्यात बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, न्यूट्रलवर ढकललं नाही. चूक माझी, म्हणाले.

दुपारपर्यंत बोर्डातला तो जोड सुटला होता आणि अंगणात तांब्याचा दांडा पुरुषभर खोल ठोकला जात होता. भिंतीवरून अर्थची वायर उघडीच नेलेली पाहून जावई कुरकुरला. "दिसू दे! तुटली तर लगेच कळेल," आबा गुरकावले.

लेक चहा घेऊन आली. आबा मान खाली घालून म्हणाले, "तू आठ वर्षांची होतीस. लाइट गेल्यावर मेन बंद केली नाहीस म्हणून मी तुला थोबाडीत मारली होती. अजून टोचतं गं मला ते."

लेक हसली, पण तिचे डोळे भरले होते. "मग काय! म्हणून तर आज चहा पाजतेय तुम्हाला."