दोन वैमानिकांची आई

परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या जीपमध्ये सुमनताई कधी सरळ बसल्याच नाहीत. आधी ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन त्याच्या डोळ्यांत निरखून पाहायचं, मग विचारायचं, "कितवी फेरी होय बाप्पा? रातीले झोपला होता काय?" तो ओशाळून हसला की संपलं. बाई पुढच्या जीपची वाट पाहत उभ्या, आणि त्यांच्यापायी मीही. धारणीच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका. उशिरापायी मुख्याध्यापकांची बोलणी दोघींनी मिळून खाल्ली.

अशा बाईची दोन्ही पोरं वैमानिक व्हावीत, म्हणजे कमालच! थोरली रश्मी समुद्रापारची लांबची उड्डाणं करते. धाकटा मंदार देशातल्या देशात, दिवसातून चार-पाचदा चढतो-उतरतो. आता आम्ही दोघी अमरावतीला शेजारी-शेजारी राहतो. पोरं सुट्टीवर घरी आली की ताईंचा पक्षपात पाहावा. रश्मीसाठी भर दुपारी पडदे ओढलेले, घरात भांडं वाजवायची बंदी. मंदारच्या डोक्यावर दळणाचा डबा. "ताई रातभर जागते तुयी. तू काय, चढला का उतरला," हे वर.

शेवटी रश्मीनंच आईला समजावलं. लांबच्या विमानात जादा वैमानिक असतात, आळीपाळीनं आडवं होता येतं. रात्र-दिवस उलटेपालटे होतात, शरीर आंबून जातं, हे खरं. पण मंदार पहाटे अंधारात उठतो, त्याला मध्ये पाठ टेकायला मिळत नाही, आणि जोखमीचं ते चढणं-उतरणंच, तेच तो दिवसभर करतो. ताईंचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्यांनी मंदारला दळणाला पाठवलं नाही, मला पाठवलं.

पुढे एकदा मंदार लागोपाठच्या पहाटपाळ्या करून घरी आला आणि जेवताना हातात घास धरूनच पेंगला. संध्याकाळी निघून पुन्हा पहाटेच्या ड्यूटीवर जायचं होतं. थकलोय म्हणून कंपनीला कळवायची सोय होती. पण कॅप्टनपदासाठी त्याचं नाव चर्चेत होतं, आत्ता नाही म्हटलं तर आपण मागे पडू ही त्याला धास्ती. मी आपलं म्हटलं, तरुण पोरगं आहे, निभेल. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान ताक वाढायला घेतलं.

त्या त्याच्यासमोर बसल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"तुया जीपीत मी आज बसली नसती, मंदार. अन् त्या मांगं बसलेल्या लोकाइले तुये डोये दिसते काय?"

त्यानं कंपनीला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला.

कॅप्टन झालेल्यांत त्या वेळी मंदार नव्हता. तो नाराज झाला, आणि ताई तर स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडल्या. लेकाच्या खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी पाहायची त्यांना फार हौस होती. पण गल्लीतल्या एका बाईनं मुद्दाम विचारलंच, मंदार झाला काय कॅप्टन? ताई भाजी निवडत होत्या. मान ताठ करून म्हणाल्या,

"नाई झाला. झोपला होता."