सित्र्याच्या भरावावर

फौजेतून नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि नव्वदच्या दशकात बहरीनला गेलो. इंजिनिअर्समध्ये सुरुंग शोधले होते. इथं पोस्टिंग मिळालं माती तपासायचं. बायको म्हणाली, जमीन उकरणं काही सुटत नाही तुमचं.

बहरीनमधल्याच सित्र्याच्या बेटाला समुद्रात भर घालून जागा केली होती. माझ्या जोडीला नागपूरचा कांबळे, लॅब टेक्निशियन. रोलर फिरून गेला की आम्ही वीतभर खड्डा घ्यायचो, निघालेली माती तोलायचो, मग सुकी चाळलेली वाळू ओतून खड्ड्याचं माप काढायचो. माती किती दाबली गेली, ते त्यावरून कळतं. समुद्राच्या दमट हवेनं वाळू चिकटते, म्हणून कांबळे ती लेकराला जपावं तशी जपायचा.

त्या दिवशी भरावाचे रिझल्ट पास झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन आत न्यायची होती. ऑपरेटर बाबी परब, कुडाळचा. तो गेटवरच थांबला. त्याचा गाववाला सदा मागल्या वर्षी दुसऱ्या एका साइटवर गेला होता. भराव खचला, क्रेन कलंडली, सदा केबिनमधून निघालाच नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. फोरमन 'यल्ला, यल्ला' म्हणत घाई करत होता. बाबीनं इंजिन बंद केलं. मला त्याची फार माया आली.

कांबळेनं त्याला आकडे समजावले. बाबी मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "सुभेदारांनु, त्या जमिनीक पण पास म्हटलेला."

फौजेत आमची एक रीत होती. सुरुंगातून वाट मोकळी केली की करणाऱ्यानं स्वतः आधी चालून दाखवायचं.

"बाबी, मी पुढं चालतो. तू माझ्या मागनं ये."

वॉकीटॉकीवर फोरमननं विचारलं, "ग्राउंड ओके?"

"ओके. मूव्ह."

मी चालू लागलो. कांबळेही शेजारी आला. पाठीमागं इंजिनची घरघर, पायाखाली बारीक हादरा. मागं वळून पाहिलं नाही. फौजेतही पाहत नसू. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

जमीन हलली नाही. क्रेन जागेवर लागली.

बाबी खाली उतरला. सीटमागून नारळ काढला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, सदाच्या वाट्याक जां इला, तां परत कोणाच्या वाट्याक येवक देव नको रे म्हाराजा."

कोकणातल्या गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यावा लागतो. सुरुंगावर गेलेली माझ्या प्लाटूनची पोरं डोळ्यांपुढं उभी होती.

कांबळे बौद्ध. देव मानत नाही, नारळ फोडत नाही. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि मोठ्यानं म्हणाला, "व्हय म्हाराजा."