भिंतीतले देव

मामीच्या घरात भिंतीला पाठ टेकून बसायची सोय नव्हती. मोहोपाड्याला कारखान्याच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. दारासमोरच्या भिंतीवर देव, डाव्या भिंतीवर देव, उजवीकडे खिडकी आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना देव. पाहुणा जरा मागे सरकला की मामी आतून म्हणायची, "पाठ नको टेकू रं, मागं खंडोबा हाय." आम्ही भाचरांनी तिच्याकडचे लाडू ताठ बसून खाल्ले.

हे देव फ्रेममधले नव्हते. टाइल्सवरचे होते, सिमेंटने भिंतीत पक्के बसवलेले. आधी फ्रेमच होत्या. पण पावसाळ्यात ओल यायची, कागद फुगायचा, मागे पाली राहायच्या. एकदा दत्ताची तसबीर खिळ्यासकट खाली आली आणि काच फुटली. मामीने धसकाच घेतला. "खिळ्यावरचा देव पावणा, भिंतीतला देव घरचा," असं तिने ठरवून टाकलं. मामा बॉयलरवर कामाला, पण थापीही चांगली धरायचे. पनवेलहून टाइल आणायची आणि सुट्टीच्या दिवशी बसवायची. घर कंपनीचं आहे, कधीतरी सोडावं लागेल, हे मी एकदा बोलून दाखवलं. मामी म्हणाली, "एकदा बसलेल्या देवाला कोण उठवतंय?"

प्रत्येक देवामागे काहीतरी घडलेलं असायचं. मामांचा हात वाफेने भाजला आणि बोटं वाचली, तेव्हा एकवीरा आई आली. माझ्या मुलीचा न्यूमोनिया उतरला, तेव्हा खिडकीजवळ मारुती आला. इंजेक्शनं डॉक्टरांनी दिली होती, हे मी तिला सांगितलं. "डॉक्टरची टाइल मिळत नाय गं," ती म्हणाली.

सकाळी ओल्या फडक्याने एकेक देव पुसायची, सांध्यांतला मळ जुन्या टूथब्रशने काढायची. मामा खाटेवरून बघत म्हणायचे, "मी गेलो तर माझा फोटो कुठं लावशील? जागाच नाय ठेवली."

"तुमी आधी देवासारखं वागा, मग बघू."

मामा निवृत्त झाल्यावरही भाडं भरून ते तिथेच राहिले. मग कॉलनी पाडायचं ठरलं. त्यांच्या मुलाचा शेलूचा फ्लॅट तयार होता, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता. मामीने भांड्यांचं विचारलं नाही, खाटेचं विचारलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "देव तेवढे काढून दे. बाकी काय नाय मागत." आमच्याकडे गॅसच्या नोंदणीपासून हॉस्पिटलपर्यंत सगळी कामं माझ्याकडेच येतात, आणि होतात. मी म्हटलं, "काढते." म्हणायला नको होतं.

खोपोलीहून गवंडी आणला. त्याने बाहेर चपला काढल्या, भिंतीला हात जोडले आणि सर्वांत लहान म्हणून गणपतीला छिन्नी लावली. तिसऱ्या ठोक्याला सोंडेपासून पोटापर्यंत तडा गेला. त्याने छिन्नी खाली ठेवली. "ताई, मामांनी लय घट बसवलंय. सगळ्यांचं असंच होणार." भंगलेला देव पुजायला चालत नाही, हे तिथे कुणी बोललं नाही. मामीने त्या गणपतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बस झालं. दुसऱ्याला हात नको लावू."

भिंत विटांसकट कापता येईल का, म्हणून मशिनवाला बोलावला. कापली तर विटांचा भुगाच होईल, म्हणाला. मग मी कंपनीच्या ऑफिसात गेले. साहेब भले होते, त्यांनी चार दिवस वाढवून दिले. भिंत देणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यानंतर फोन करावा असं माझ्याकडे कुणी उरलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी गुरुजींना बोलावलं. सामान टेंपोत चढलं होतं. गुरुजी म्हणाले, "उत्तरपूजा करू. अक्षता वाहायच्या आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. म्हणजे देवपण उतरतं, मग भिंतीचं काही झालं तरी दोष नाही."

"हालली असती तर तुमाला कशाला बोलावलं असतं?" मामी म्हणाली.

"मनाने हलवा."

"मनानं नाय जमत मला."

तिने ताम्हण खाली ठेवलं, खंडोबावर दोन्ही तळहात टेकले आणि ढकलायला लागली. सत्तरीची बाई, टाचा उचललेल्या, बांगड्या कोपराकडे सरकलेल्या. मामा उठून बाहेर टेंपोपाशी गेले. गुरुजी पोथी चाळत राहिले. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि मीही ढकललं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. भिंत होती तशीच होती.

"हालला काय गं?" तिने विचारलं.

"हालला."

"नीट बघ."

"बघितलं. हालला."

तिने अक्षता वाहिल्या, श्वास घेतला आणि पुढच्या देवासमोर जाऊन उभी राहिली. तडा गेलेला गणपती धरून अकरा देव होते. अकराही वेळा तिने विचारलं, आणि मी तेच सांगितलं.