अण्णांची चूक

"चुकलं माझं," असं म्हणून अण्णा आधी हात जोडायचे आणि मग विचारायचे, "काय झालंय?"

मोठ्या दवाखान्याच्या औषध खिडकीसमोर तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर तिथली माणसं किती चिडलेली असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. बेळगावच्या आमच्या दवाखान्यात त्या खिडकीमागे आम्ही काहीजण होतो आणि अण्णा आमचे प्रमुख. औषध संपलेलं असो, कॉम्प्युटर बंद पडलेला असो, आमच्यापैकी कुणी उद्धट बोललेलं असो, अण्णा मागून पुढे यायचे. भांडायला आलेला माणूस गडबडून जायचा. एकदा मच्छे गावचा एक कामगार दुसऱ्याच दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आला आणि आमच्यावर ओरडत राहिला. अण्णांनी त्याचीही माफी मागितली.

"अण्णा, चूक तर त्याची होती," मी म्हणालो.

"असंल की. पण त्येला घरी जायचं हाय, मला हितंच बसायचंय."

आम्हाला हे फार सोयीचं होतं. चूक करायची आणि अण्णांकडे बघायचं, अशी सवयच लागली होती.

खेड्यांतून येणाऱ्यांत कुणाला मराठी वाचता यायचं, कुणाला कन्नड, कुणाला काहीच नाही. म्हणून अण्णा गोळ्यांच्या पाकिटावर चित्रं काढायचे. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. नव्या माणसाकडून ते ही चित्रं शाळामास्तरासारखी गिरवून घ्यायचे. त्यामुळे आम्हा सगळ्यांचे सूर्य-चंद्र अगदी सारखे यायचे.

एका सकाळी उचगावचा एक शेतकरी आईला रिक्षात घालून आला. तिच्या शुगरच्या सकाळच्या गोळीच्या पाकिटावर चंद्रकोर होती. म्हातारीने ती रात्री घेतली आणि पहाटे घामाने भिजून निपचित पडली. वेळेत आणली म्हणून वाचली. तिला गोळ्या दिल्या तेव्हा खिडकीवर दोघंच होते, अण्णा आणि वडगावच्या एका विणकराची नुकतीच कामाला लागलेली मुलगी. गर्दीत ते पाकीट कुणाच्या हातून गेलं, हे त्या मुलीलाही सांगता येईना.

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

"तुम्ही कायम असंच म्हणता," वरचे साहेब म्हणाले. "ह्या वेळी जिवाशी गाठ होती. पोरीला पाठीशी घालू नका."

"साहेब, खरंच मीच काढलो तो चंद्र."

साहेबांनी मुलीला कामावरून कमी केलं. अण्णा माझ्याकडे आले. "तू तरी सांग रं त्यास्नी. मी खरं बोलतोय."

मी त्यांचा खांदा थोपटला. "अण्णा, तुमचं मन लई मोठं हाय." त्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले, ती नजर मला अजून झोपू देत नाही.

ते वडगावला मुलीच्या घरी गेले. बापाने माग थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि यांच्याच पायांवर डोकं ठेवलं. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," परत आल्यावर अण्णा म्हणाले.

शेवटी त्यांनी राजीनामा दिला. मागणं एकच, पोरीला परत घ्या. साहेबांना गहिवरून आलं आणि त्यांनी तिला घेतलं. निरोपाला शाल, हार, भाषणं झाली. दुसऱ्याची चूक पोटात घालणारा माणूस, असं जो तो म्हणाला. अण्णा उठले, हात जोडले. "ती चूक माझीच होती. उगंच मला मोठं करू नगासा." आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात उचगावची म्हातारी गोळ्या न्यायला आली आणि खिडकीतून आत डोकावली. "त्यो पांढऱ्या मिशांचा न्हाय व्हय आता?"

"गेले सोडून. का हो आजी?"

"घरी आलता. चुकलं माझं म्हणाला. म्या म्हटलं, व्हय, तुझंच चुकलं. तूच दिलतास गोळ्या, मला काय याद न्हाय व्हय?"

तिला विचारावं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. माझ्या शेजारी वडगावची मुलगी पाकिटावर सूर्य काढत होती. तिचा हात थांबला. मला तिच्याकडे बघवेना.

"लई झाडलं बघ त्येला," पाकीट पिशवीत ठेवत म्हातारी म्हणाली. "मान खाली घालून समदं ऐकून घेतला. मग कुठं च्या प्याला."