बाबांनी वाजवून पाहिलेले वाडगे

माझं लहानपण अमिरातीत, रास अल खैमाला गेलं. बाबा तिथल्या एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, सलग एकतीस वर्षं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर पांढरी धूळ असायची. कारखान्यात घरच्यांना प्रवेश नव्हता, त्यामुळे ते दिवसभर नेमकं काय करतात हे मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही गं, टाइल्स बघतो."

दरवर्षीची सुट्टी म्हणजे साताऱ्याला जाणं. कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, बँकेची कामं. नुसतं फिरायला असं आम्ही कधी गेलोच नाही. आता आई-बाबा अमिरातीतच, अल ऐनला माझ्याकडे राहतात. यंदा लेकीला शाळेची सुट्टी लागली तेव्हा मी चौघांची क्योटोची तिकिटं काढली. विमानात बसेपर्यंत आईला खरं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एका टेकडीवरच्या देवळाकडे निघालो. चढावर बाबांचे गुडघे बोलायला लागले, म्हणून वाटेतल्या एका मातीच्या भांड्यांच्या दुकानात टेकलो. बाबांनी एक वाडगा उचलला, बोटांच्या टोकांवर तोलला आणि काठावर नखाने टिचकी मारली.

"बाबा, ठेवा ना खाली. ओरडतील ते."

त्यांनी ऐकलंच नाही. दुसरा वाजवला, तिसरा वाजवला. चौथ्याला थांबले. पुन्हा वाजवला, फिरवून वाजवला. मातीने माखलेला एप्रन घातलेले म्हातारे मालक आतून आले होते, आणि गप्प उभे राहून पाहत होते. बाबांनी तो वाडगा त्यांच्यापुढे धरला आणि नकारार्थी मान हलवली. मालकांनी तो वाजवला, उजेडात नेला, ओल्या अंगठ्याने बुडाशी चोळला. केसाएवढी चीर वर आली.

ते मोठ्याने हसले आणि बाबांसमोर कमरेत वाकले. बाबा गडबडले, त्यांनी हात जोडले. मग मालकांनी आतून नव्या वाडग्यांचा अख्खा ट्रे आणून बाबांपुढे ठेवला.

"आजोबा, यल्ला! टेम्पल विल क्लोज," लेक घाई करत म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे."

आम्ही कुणीच गेलो नाही. तासभर दोघे म्हातारे वाडगे वाजवत बसले, बाबा मराठीत बोलत होते, ते जपानीत. बाबांनी लेकीच्या कानाशी एक वाडगा धरला. "ऐक. बद्द वाजतोय ना?"

"इज इट सिक?"

"हो, आजारी आहे बिचारा."

मी बाबांना काम करताना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. इतकी वर्षं मला वाटायचं ते टाइल्स बघतात. ते ऐकत होते.

उतरताना ते आपणहूनच म्हणाले, "पुढे टाइल्स तपासायला मशीन आलं. मग माझ्याकडे नुसत्या सह्या उरल्या."

"कधी?"

"तू कॉलेजला होतीस."

"बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं? नोकरी तर होती."

मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो उतार संपेपर्यंत सोडवून घेतला नाही.

देऊळ राहिलंच. दुसऱ्या दिवशी जवळच्या नारा शहरात जायचं ठरलं होतं. सकाळी बाबा बूट घालून दाराशी उभे होते. "त्यांनी आज भट्टी उघडणार असं खुणेने सांगितलंय," म्हणाले. लेकीने फोनवरची तिथल्या ठिकाणांची यादी बंद केली. आम्ही पुन्हा त्याच चढाला लागलो.